आधी फेरफार, मग सातबारा

परभणी जिल्ह्यात जमिनीचा वाद निघाला, की जुनी माणसे १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाची नक्कल शोधतात. जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. त्या पत्रकापासून निघायचे आणि एकेक फेरफार लावत आजच्या सातबारापर्यंत यायचे, ही त्यांची रीत. आज सातबारा संगणकात आहे. पण संगणकातला बिघडलेला माहितीसाठाही याच रीतीने सावरतात. कसा, ते पाहू.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार खरेदी, वारस, वाटणी असा बदल आधी फेरफार नोंदवहीत चढतो. तो प्रमाणित झाला, की सातबारावर अंमल होतो. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी आली, हे फेरफार सांगतो.

१९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडण्याची पद्धत सुचवली. पण तक्ता बदलत असतानाच वीज गेली तर? अर्धवट लिहिलेल्या पानावर विश्वास कसा ठेवायचा? उत्तर असे निघाले: बदल आधी क्रमवार नोंदवहीत, म्हणजे 'लॉग'मध्ये लिहायचा, तक्त्यात नंतर. या विचाराला १९९२ मध्ये सी. मोहन आणि आयबीएममधील सहकाऱ्यांनी 'एरीज' या पद्धतीचे नेटके रूप दिले. मोहन हे मद्रासच्या आयआयटीचे विद्यार्थी.

ही नोंदवही सतत वाढते. म्हणून ठरावीक दिवशी साठ्याची पूर्ण प्रत काढायची, जुना लॉग दुसरीकडे हलवायचा आणि प्रत उघडते का, ते तपासायचे. ही कामे राहिली, की डिस्क भरते आणि सर्व्हर थांबतो. मग कोणी घाईने 'लॉग' म्हणजे कचरा समजून तोच पुसतो! 'पोस्टग्रेस' प्रणालीत हे इतक्यांदा घडले, की २०१७ मध्ये त्या कप्प्याचे 'पीजी_एक्सलॉग' हे नाव बदलून 'पीजी_वॉल' करावे लागले.

त्याच वर्षी ३१ जानेवारीला 'गिटलॅब' या कंपनीत चुकून मुख्य साठाच पुसला गेला. रोजच्या प्रती निघतच नव्हत्या आणि तसे सांगणारी पत्रे कोणाला पोहोचत नव्हती. योगायोगाने काढलेली सहा तासांपूर्वीची एक प्रत मिळाली. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्या.

बिघाड झाल्यावर क्रम महत्त्वाचा. आधी सर्व्हर थांबवून बिघडलेल्या साठ्याची जशीच्या तशी नक्कल करावी. मुळाला हात लावू नये. शेवटची चांगली प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवावी. तिच्यावर लॉगमधले बदल क्रमाने लावावेत आणि अर्धवट राहिलेले व्यवहार रद्द करावेत. शेवटी बिघाडाचे कारण शोधावे, नाहीतर तो पुन्हा येणारच.

वर्गात हे करून पाहता येईल. ग्रंथालयातील पुस्तकांची महिनाअखेरची यादी आणि त्यानंतरची देवघेव वही मुलांना द्यावी. आज कपाटात कोणती पुस्तके आहेत, ते कपाट न उघडता त्यांनी सांगावे. मग वहीचे मधले एक पान झाकून तोच प्रश्न विचारावा. उत्तर कुठे अडते, ते मुलेच दाखवतील.