रूळ, रस्ता आणि खर्चाचे दोन हिशेब

मालवणहून मुंबईला कसे जायचे, हा प्रश्न एकाच घरातल्या तीन पिढ्यांना विचारला तर तीन उत्तरे मिळतात. आजोबांना आगबोट आठवते, वडिलांना रात्रभराची एस.टी. आणि मुलांना कोकण रेल्वे. आगबोट बंदराबाहेर उभी राही आणि उतारू होड्यांतून धक्क्यावर येत. धक्क्यापासून बाजारपेठ पायी जाण्याच्या अंतरावर होती, त्यामुळे गल्ल्या अरुंद असल्या तरी चालत. मात्र पावसाळ्यात आगबोटी बंद पडत.

रेल्वेची मागणी जुनीच होती. राजापूर मतदारसंघाचे खासदार नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते यांनी ती लोकसभेत सातत्याने मांडली. अडचण पैशांची होती, पण त्या खर्चाचे मूळ भौतिकशास्त्रात आहे.

सपाटीवर एक टन वजन ओढण्यासाठी पोलादी रुळांवर सुमारे २ किलोग्रॅम बल पुरते, तर डांबरी रस्त्यावर रबरी चाकांना १० किलोग्रॅम किंवा अधिक लागते. रेल्वे स्वस्त पडते ती यामुळे. पण चढ आला की चित्र पालटते. बोरघाटात चढ ३७ला १ असा आहे. तिथे निव्वळ चढासाठीच टनामागे २७ किलोग्रॅम बल जास्त लागते आणि रुळांचा फायदा जवळजवळ धुऊन निघतो. कोकण रेल्वेने म्हणून चढ १५०ला १ इतकाच ठेवला. डोंगर आणि खाड्यांच्या मुलखात एवढी सपाटी मिळवायची, तर बोगदे खणावे लागतात आणि पूल बांधावे लागतात. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटर मार्गावर ९० हून अधिक बोगदे आणि लहानमोठे सुमारे २,००० पूल आहेत. खर्च झाला सुमारे ३,५०० कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरमागे पावणेपाच कोटी.

हा पैसा उभा करण्यासाठी १९९० साली, दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष. भांडवलात रेल्वेबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ ही राज्ये सहभागी झाली. उरलेली बरीच रक्कम कर्जरोख्यांतून आली. जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. कर्ज फेडायचे असल्याने खऱ्या अंतरापेक्षा जास्त अंतर धरून भाडे आकारण्याची पद्धत ठेवण्यात आली. थोडक्यात, बोगद्यांचा खर्च प्रवाशाच्या तिकिटावर चढला.

शेजारच्या मुंबई–गोवा महामार्गाचा हिशेब कसा लिहिला जातो? इंधनावरील करातून रस्त्यांसाठी पैसा येतो, हे खरे. पण अपघात, कोंडीत गेलेले तास आणि वाहने उभी करायला लागणारी जमीन कोणत्याही एका वहीत येत नाही. रेल्वेचा तोटा एका आकड्यात दिसतो. रस्त्याचा तोटा मात्र अनेक घरांत आणि अनेक खात्यांत वाटला जातो, म्हणून तो दिसत नाही.

एक सोपे गणित वर्गात करता येईल. प्रत्येकी ७२ आसनांचे २० डबे म्हणजे १,४४० प्रवासी. हेच प्रवासी चौघे-चौघे मोटारींतून आले तर ३६० मोटारी होतात. एक मोटार उभी करायला साडेबारा चौरस मीटर जागा धरली, तर ४,५०० चौरस मीटर जागा लागेल. ही एक एकराहून जास्त जमीन झाली, तीही मोटारी आत-बाहेर नेण्याची वाट न धरता. पायी येणाऱ्यांसाठी वसलेल्या मालवणच्या बाजारात ती आणायची कुठून? घरे पाडून, की माडबागा तोडून?

अर्थात रेल्वे दारापर्यंत येत नाही. कुडाळ स्थानकापासून मालवण सुमारे ३० किलोमीटर दूर आहे, आणि गाडीच्या वेळेला धरून एस.टी. नसेल तर माणूस घरूनच मोटार काढतो. वीरच्या पुढे मार्ग बव्हंशी एकेरी असल्याने गाड्या वाढवण्यालाही मर्यादा आहे. बोगद्यांचा खर्च एकदाच होऊन गेला आहे. तो सार्थकी लागतो गाड्या भरून धावल्या तरच, आणि त्या भरतात शेवटच्या ३० किलोमीटरची सोय झाली तर. इतके कोटी खर्चून आणलेली गाडी मालवणकराच्या उपयोगी पडते की नाही, हे स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या, किंवा नसलेल्या, एस.टी.वर ठरते.

विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. एका रविवारी जवळच्या स्थानकावर उतरलेल्या प्रवाशांपैकी किती जण बसने, किती रिक्षाने आणि किती जण खासगी मोटारीने गेले, याची नोंद करावी. गावाच्या वाहतुकीचा खरा हिशेब त्या कागदापासून सुरू होईल.