न दुखणारा चट्टा : वऱ्हाडांतील महारोगाची हकीकत

बहुतेक दुखणीं आपली वर्दी आपणच देतात. हिवताप दांत वाजवीत येतो, पोटशूळ माणसाला जमिनीवर लोळवतो, डोळे आले तर घरांतील लहान मूलहि तें ओळखतें. शरीराचें कांहीं बिघडलें कीं तें ओरडतें, आणि हें ओरडणें ऐकूनच घरोघरच्या आज्यांनीं व वैद्यांनीं उपाय शोधले. महारोगाचा प्रकार मात्र नेमका उलटा आहे. वेदना हें त्याचें पहिलें लक्षण नव्हे. वेदना नसणें हें त्याचें पहिलें लक्षण. जेथें चटका बसावयास हवा तेथें तो बसत नाहीं, जेथें कांटा बोंचावयास हवा तेथें तो कळत नाहीं. अमरावती-अकोल्याच्या वऱ्हाड प्रांतांत या रोगाचा जो इतिहास घडला, तो बहुतांशीं हें मुकें लक्षण न वाचतां आल्याचा इतिहास आहे.

वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला व १९०३ मध्यें मध्यप्रांताला जोडला गेला. १८८१ पासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनीं झालेल्या खानेसुमारींत घरोघर चार व्यंगांची चौकशी होत असे : वेड, मुकें-बहिरेपण, अंधत्व आणि महारोग. मनाचें दुखणें आणि कातडीचें दुखणें एकाच रकान्यांत बसविणारी ही यादी आज चमत्कारिक वाटते. पण चारहि गोष्टी घरच्यांनीं लपवाव्या अशाच होत्या, एवढें साम्य त्यांत खरोखरच होतें. प्रगणकांना वैद्यकाचें शिक्षण नव्हतें. म्हणून ज्याला केवळ पांढरें कोड आहे त्याची नोंद महारोगी म्हणून करूं नये, अशी सूचना त्यांना मुद्दाम द्यावी लागे.

ही सूचना छापावी लागली यांतच पुष्कळसें आलें. कोड हा शब्दच मुळीं कुष्ठ या संस्कृत शब्दापासून आलेला आहे. त्यामुळें घोटाळा प्रथम भाषेंत झाला आणि मग माणसांच्या नशिबीं आला. कोड म्हणजे कातडीचा रंग जाणें. तें कोणाला लागत नाहीं, त्यानें बोटें वांकडीं होत नाहींत, त्या जागीं स्पर्शहि पूर्ववत् कळतो. पण डोळ्यांत भरणारा पांढरा डाग म्हणून एखाद्या निरोगी मुलीचें लग्न अडे, आणि ज्याच्या पाठीवर फिकट, तांबूस, न खाजणारा चट्टा उमटला आहे असा तिचा शेजारी वर्षानुवर्षें निर्धास्तपणें वावरे. त्याला कोणी हटकीत नसे. खानेसुमारीचे आंकडे खऱ्या संख्येहून कमी असावेत, विशेषतः स्त्रियांचे, अशी शंका अधिकारी स्वतःच व्यक्त करीत. कारण चेहरा वा हात बिघडेपर्यंत रोग सांगितला जात नसे, आणि बिघडल्यावर तर तो मुळींच सांगितला जात नसे.

वास्तविक हें लक्षण आपल्याकडे अज्ञात होतें असें नाहीं. चरकसंहितेंत कुष्ठाचीं जीं पूर्वरूपें दिलीं आहेत त्यांत स्पर्श न कळणें, घाम फार येणें किंवा मुळींच न येणें आणि कातडीचा रंग पालटणें यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कुष्ठाचे अठरा प्रकार मोजणाऱ्या त्या आचार्यांनीं अनेक त्वचारोग एकत्र केले हें खरें. तथापि बधिरपणा त्यांनीं नेमका टिपला. मागाहून मात्र निरीक्षण मागें पडलें आणि पूर्वजन्मींच्या पापाची कल्पना पुढें आली. पाप म्हटलें कीं तपासणी संपते.

नॉर्वेंतील बर्गेन येथें गेर्हार्ड हॅन्सन यानें १८७३ सालीं या रोगाचा जंतु शोधून काढला. हा जंतु फार मंदगति आहे. एकाचे दोन होण्यास त्याला बारा-चौदा दिवस लागतात, आणि संसर्गानंतर चट्टा दिसेपर्यंत सरासरी पांच वर्षें, क्वचित् वीस वर्षेंहि जातात. एकाच घरांत बाप आणि पुढें कित्येक वर्षांनीं मुलगा आजारी पडला म्हणजे रोग रक्तांतून उतरला असें लोकांना वाटे, त्याचें कारण हेंच. वस्तुतः रोग आनुवंशिक नाहीं, आणि सुमारें शंभरांपैकीं पंचाण्णव माणसांना निसर्गतःच त्याचा प्रतिकार करण्याची शक्ति असते. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८९८ सालीं जो कायदा झाला त्याला या ज्ञानाचा स्पर्श झालेला दिसत नाहीं. ज्याच्या अंगावर क्षतें पडूं लागलीं आहेत तो महारोगी, अशी त्याची मूळ व्याख्या होती. आणि असा मनुष्य निराधार असेल तर पोलिसांना त्याला वॉरंटावांचून पकडतां येई. म्हणजे रोग जेथें बराचसा करावयाचें तें करून चुकतो, तेथें कायद्याचे डोळे उघडत.

तीं क्षतें येतात कोठून? जंतूला शरीराचा थंड भाग आवडतो. म्हणून तो कातडींत आणि कातडीलगतच्या मज्जातंतूंत वस्ती करतो : कोपराच्या आंतल्या बाजूस, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, मनगटापाशीं, घोट्यापाशीं. तंतु सुजून दोरीसारखा हाताला लागतो. मग करंगळी व तिच्या शेजारचें बोट प्रथम बधिर होतें, पुढें वांकतें, पाऊल लोंबतें, डोळ्याची पापणी मिटत नाहीं. कांहीं रोग्यांत चट्टे उठतच नाहींत. चेहरा तेलकट व जाड दिसतो, कानाच्या पाळ्यांवर गांठी येतात, भुंवयांचे केस बाहेरच्या टोंकाकडून गळतात. गजकर्ण खाजतें, शिब्यांना बारीक कोंडा असतो, कोड दुधासारखें पांढरें असतें. महारोगाचा चट्टा यांपैकीं कांहींच करीत नाहीं. त्यावर केस विरळ असतात, घाम नसतो, आणि डोळे मिटून कापसाच्या टोंकानें तेथें स्पर्श केला तर रोग्याला तो सांगतां येत नाहीं.

बोटें झडतात ही समजूत तर अजूनहि पुष्कळांची आहे. वेल्लोर येथें १९४७ नंतर काम करणाऱ्या पॉल ब्रँड या शल्यविशारदानें दाखवून दिलें कीं बोटें रोगानें गळत नाहींत. न कळणाऱ्या जखमांनीं तीं झिजतात. तापलेलें भांडें हातांत तसेंच धरून ठेवलें जातें, चपलेंत शिरलेला खडा दिवसभर टोंचत राहतो, रात्रीं उंदीर कुरतडतो तरी झोंप मोडत नाहीं. वऱ्हाडांत पऱ्हाटीच्या शेतांत अनवाणी हिंडणें आणि बोंडांच्या टोंकदार सालींतून कापूस वेचणें हा नित्याचा उद्योग. ज्या हातांना ओरखडा कळतो ते हात सावध होतात. ज्यांना कळत नाहीं ते संध्याकाळीं रक्ताळलेले घरीं येतात, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा त्याच कामावर जातात.

अशा माणसांना गांवांत जागा उरत नसे. त्यांची जागा यात्रांत असे. पूर्णेच्या कांठीं रिणमोचन येथें पौष महिन्यांत जत्रा भरते. तेथें आंधळे, पांगळे व महारोगी यांना पंक्तीस बसवून जेवूं घालण्याची रीत गाडगे महाराजांनीं चालविली. महाराजांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेणगांवीं झाला आणि बालपण मूर्तिजापुराजवळ दापुऱ्यास मामाच्या घरीं गेलें. म्हणजे अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांचे ते. त्यांनीं औषध दिलें नाहीं. ज्याच्यापासून लोक दहा हात दूर सरत त्याच्या पुढ्यांत त्यांनीं पान मांडलें. अचलपुराजवळ कोठारा येथें ख्रिस्ती मिशनचें महारोग्यांचें रुग्णालय उभें राहिलें, तेथें औषधहि मिळूं लागलें.

याच सुमारास वर्धेकडून नवी दृष्टि आली. मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं दत्तपूर येथें काम आरंभिलें. सेवाग्रामांत महात्मा गांधींनीं परचुरे शास्त्री या विद्वान् रोग्याची शुश्रूषा स्वतःच्या हातांनीं केली. अमरावतींत होमिओपाथीचा व्यवसाय करणारे आणि राष्ट्रीय चळवळींत वावरलेले डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनीं १९४६ सालीं शहराबाहेर महारोग्यांची वसाहत स्थापिली. तीच तपोवन. बाबा आमट्यांचें आनंदवन त्यानंतर तीन वर्षांनीं सुरू झालें. पटवर्धनांची कल्पना आश्रय देऊन थांबणारी नव्हती. रोग्यानें भीक मागूं नये, सुतारकाम, विणकाम, शेती यांवर पोट भरावें, असा त्यांचा आग्रह असे. बधिर हातांना काम देणें ही जोखीम होती, हें विसरतां येत नाहीं; हत्यार कसें धरावें, रोज हातपाय कसे तपासावे, हें अशा ठिकाणीं सुतारकामाइतकेंच शिकावें लागतें. पटवर्धनांना १९५९ मध्यें पद्मश्री मिळाली. १९८६ सालीं ते निवर्तले.

तपोवन स्थापन झालें तो काळ मोठ्या पालटाचा होता. तोंवर खरें औषध असें एकच, चौलमुग्र्याचें तेल. तें टोंचून घेतांना होणारा त्रास पुष्कळ व गुण थोडा. अमेरिकेंत कारव्हिल येथें १९४१ पासून प्रोमिनचा प्रयोग सुरू झाला, आणि पाठोपाठ त्याच जातीचें डॅप्सोन गोळीच्या रूपानें आलें. गोळी स्वस्त होती, पण वर्षानुवर्षें घ्यावी लागे, आणि पुढें जंतु तिला दाद देईनासे झाले. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन व डॅप्सोन यांचा संयुक्त उपचार सुचविला. आतां थोडे चट्टे असतील तर सहा महिने आणि रोग पसरला असेल तर बारा महिने औषध पुरतें. सरकारी दवाखान्यांत तें फुकट मिळतें, आणि सुरू केल्यावर थोडक्याच काळांत रोग्यापासून दुसऱ्यास लागण होण्याची भीति राहत नाहीं. गेलेली संवेदना मात्र बहुधा परत येत नाहीं. सहा महिन्यांपूर्वी आलेला रोगी आणि सहा वर्षांनीं आलेला रोगी, दोघेहि जंतुमुक्त होतात. पण घरीं जातांना दोघांचे हात सारखे नसतात.

रोगी उशिरा कां येतो, याचें उत्तर त्याच्या मनांत शोधावें लागतें. हा जंतु मेंदूला शिवत नाहीं. तरीहि निदान ऐकल्यावर झोंप उडणें, अन्नावरची वासना जाणें, माणसांत मिसळणें बंद होणें, आठवडेच्या आठवडे कशांतच मन न लागणें आणि जगणें नको वाटणें हीं लक्षणें कित्येकांत दिसतात. तें स्वतंत्र दुखणें आहे व त्यावरहि उपचार आहेत. घरचे लोक मात्र तें रोगाचेंच अंग समजून गप्प बसतात, किंवा निराळें ताट-वाटी ठेवून त्यांत भर घालतात. लाज आणि बधिरपणा यांची येथें गांठ पडते : एक दुखणें जाणवूं देत नाहीं, दुसरी तें बोलूं देत नाहीं.

१८९८ चा कायदा २०१६ मध्यें रद्द झाला. महारोग हें घटस्फोटाचें कारण म्हणून विवाहकायद्यांत होतें, तें २०१९ मध्यें वगळलें गेलें. भारतांत दहा हजारांमागें एकाहून कमी रोगी, ही मर्यादा डिसेंबर २००५ मध्यें गांठली गेली असली तरी नवे रोगी आजहि दरवर्षीं सांपडतात. शहराबाहेरचें तपोवन आतां शहराच्या जवळ आलें आहे. १९८३ सालीं स्थापन झालेलें अमरावतीचें विद्यापीठ त्याच्याच शेजारीं आहे. शोधमोहिमेच्या दिवसांत आशा कार्यकर्ती दारोदार जाते. ती घरांतील प्रत्येकाला चट्टा आहे का एवढेंच विचारून थांबत नाहीं. तो खाजतो का, दुखतो का, असें विचारते, आणि 'नाहीं, कांहींच होत नाहीं' असें उत्तर आलें म्हणजे तें नांव वहींत लिहून घेते.