गाडीतलं नॅव्हिगेशन : आपण पैसे नक्की कशाचे देतो?

गाडीत नॅव्हिगेशन बसवायचं म्हणून चौकशीला निघालात, तर साधारण चार वाटा पुढे येतात. नवी गाडी घेत असाल तर वरचं मॉडेल घ्या, त्यात कंपनीचंच नॅव्हिगेशन येतं. जुनी गाडी असेल तर ॲक्सेसरीजच्या दुकानातून मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घ्या. काचेला चिकटवायचं वेगळं जीपीएस यंत्र कुणीतरी सेकंडहँड विकत असतं, ते बघा. नाहीतर सरळ एक मोबाइल होल्डर आणा आणि फोन लावा डॅशबोर्डवर. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, आणि काम मात्र एकच: पुढच्या चौकात डावीकडे की उजवीकडे ते सांगायचं. मग एवढा फरक कशाचा?

माझं पीएचडीचं काम तंत्रज्ञानाच्या इतिहासातलं आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर तिथे बरंच स्वच्छ मिळतं. गाडीतल्या नॅव्हिगेशनमध्ये तीन वेगळ्या गोष्टी असतात: आकाशातून येणारा सिग्नल, तो पकडणारं यंत्र आणि त्या यंत्रातला नकाशा. आपण किंमत विचारतो ती यंत्राची. पण गेल्या चाळीस वर्षांचा हिशेब मांडला तर सिग्नल आपल्याला फुकट मिळत आलाय, यंत्र स्वस्त होत गेलंय आणि खरा खर्च कायम नकाशावर झालाय. तो नकाशा स्वस्त झाला असं आपल्याला वाटतं, तेव्हा त्याचे पैसे दुसऱ्या कुणीतरी भरलेले असतात. कुणी आणि कसे, ते समजलं की कोणतं नॅव्हिगेशन ‘परवडणारं’ हे ठरवणं सोपं जातं.

उपग्रह नव्हते तेव्हा

गाडीतलं नॅव्हिगेशन जीपीएसपेक्षा जुनं आहे, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. १९८१ मध्ये होंडाने जपानमध्ये ‘इलेक्ट्रो गायरोकेटर’ नावाचं यंत्र आणलं. गाडी किती वळली ते गायरोस्कोप सांगायचा, किती अंतर कापलं ते चाकावरून कळायचं. स्क्रीनसमोर पारदर्शक नकाशाची फिल्म सरकवायची आणि तिच्यावर गाडीचा ठिपका पुढे जाताना बघायचा. किंमत गाडीच्या किमतीच्या जवळजवळ पाव हिस्सा! ते फारसं चाललं नाही यात नवल नाही.

खरी उडी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘ईटॅक’ या कंपनीने घेतली. स्टॅन हनी या इंजिनिअरची ही कंपनी, आणि तिला सुरुवातीचं भांडवल मिळालं ते अटारी या व्हिडिओ गेम कंपनीचे संस्थापक नोलन बुशनेल यांच्याकडून. यंत्राची किंमत सुमारे १,४०० डॉलर. नकाशे कॅसेटवर यायचे, कारण गाडीतली उष्णता आणि धक्के सोसेल असं दुसरं माध्यम तेव्हा नव्हतं. एका कॅसेटमध्ये मावायचं ते किती? लॉस एंजेलिस परिसरासाठीच तीन-चार कॅसेट लागायच्या.

आता यातली मुद्द्याची गोष्ट बघा. चाकावरचे सेन्सर आणि होकायंत्र यांच्यावरून गाडीची जागा काढत गेलं की चूक साठत जाते. थोडं इकडे, थोडं तिकडे करत काही किलोमीटरनंतर ठिपका भलत्याच ठिकाणी जातो. ईटॅकने ही चूक नकाशाकडूनच दुरुस्त करून घेतली. तुम्ही वळलात की संगणक नकाशाला विचारायचा, ‘इथे आसपास असं वळण कोणत्या रस्त्याला आहे?’ आणि ठिपका उचलून त्या रस्त्यावर ठेवायचा. म्हणजे नकाशा केवळ बघण्यासाठी नव्हता, मोजण्याचं साधनही तोच होता. नकाशा चुकीचा असेल तर सगळं यंत्रच निकामी.

आणि हा नकाशा आला कुठून? त्याचा पाया होता अमेरिकेच्या जनगणना खात्याचा. घरोघरी टपालाने अर्ज पाठवून मोजणी करायची तर कोणत्या रस्त्यावर कोणते घरक्रमांक आहेत हे माहीत हवं, म्हणून १९७० च्या जनगणनेसाठी त्या खात्याने शहरांतल्या रस्त्यांची संगणकीय यादी केली होती. अमेरिकेत केंद्र सरकारने केलेल्या कामावर कॉपीराइट नसतो. ईटॅकने ती माहिती घेतली, सुधारली, आणि कॅसेटवर घालून विकली. जनगणना खातं लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

सिग्नल फुकट कसा झाला

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. प्रकल्प अमेरिकन लष्कराचा, पैसा तिथल्या करदात्यांचा. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअर लाइन्सचं विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि ते पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जीपीएस नागरी विमानांना विनामूल्य देण्याचं जाहीर केलं.

‘रेगनने लष्कराचं गुपित जगाला दिलं’ अशी ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. ते तितकंसं बरोबर नाही. नागरी वापरासाठी वेगळा सिग्नल मुळातल्या आराखड्यातच होता. वाद होता तो त्यासाठी फी घ्यायची का, याचा. १९८३ च्या घोषणेने तो वाद निकालात निघाला, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं तेच आहे.

तरी नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची. जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. शंभर मीटर म्हणजे पुण्याच्या पेठांमध्ये दोन गल्ल्या पलीकडे! १९९० मध्ये जपानमध्ये माझदाच्या गाडीत जीपीएस आलं खरं, पण या चुकीमुळे गाडीतल्या यंत्रांना अजून ईटॅकसारखी नकाशाची मदत घ्यावीच लागायची. मे २००० मध्ये क्लिंटन सरकारने ती मुद्दाम घातलेली चूक बंद केली आणि अचूकता एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली.

इथून पुढे यंत्रांच्या किमती घसरल्या. २००४ मध्ये टॉमटॉमने ‘गो’ हे एकसंध यंत्र आणलं. वायरिंग नको, मेकॅनिक नको. काचेला चिकटवा आणि निघा. चार-पाच वर्षांत अमेरिकेत साधी यंत्रं शंभर-दीडशे डॉलरला मिळायला लागली.

नकाशाची किंमत

यंत्र एवढं स्वस्त झाल्यावर महाग काय राहिलं? नकाशा. एकेरी रस्ता कुठला, कुठे उजवं वळण बंद, पुलाखालून डावीकडे जाता येतं का, हे उपग्रहावरून दिसत नाही. त्यासाठी माणसाने तिथे जावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा जावं लागतं. पाश्चात्त्य देशांत हे काम मोठ्या प्रमाणावर दोनच कंपन्यांकडे होतं: नॅव्हटेक आणि टेले अ‍ॅटलस. (ईटॅकचा नकाशा मर्डॉक यांची न्यूज कॉर्पोरेशन, मग सोनी, असं फिरत २००० मध्ये टेले अ‍ॅटलसकडेच गेला होता.) कुठल्याही ब्रँडचं यंत्र घ्या, आत नकाशा बहुधा या दोघींपैकी एकीचा.

म्हणून २००७-०८ मध्ये नोकियाने नॅव्हटेक ८.१ अब्ज डॉलरला घेतली आणि टॉमटॉमने टेले अ‍ॅटलस २.९ अब्ज युरोला. नकाशा ज्याच्याकडे, बाजार त्याचा, असा हिशेब होता.

आणि २८ ऑक्टोबर २००९ ला गूगलने फोनवर बोलून रस्ता सांगणारं नॅव्हिगेशन अमेरिकेत फुकट दिलं. त्याच दिवशी गार्मिन आणि टॉमटॉमचे शेअर धाडकन पडले. गूगल तोवर टेले अ‍ॅटलसचा नकाशा वापरायचं. अमेरिकेपुरता त्याने आता स्वतःचा केला होता. त्याचा पाया कोणता? पुन्हा जनगणना खात्याचाच, १९७० च्या यादीची पुढची पिढी असलेला सार्वजनिक नकाशा. त्यावर गूगलच्या गाड्यांनी काढलेले फोटो आणि माणसांनी हाताने केलेल्या दुरुस्त्या. २०१५ मध्ये नोकियाने आपला नकाशाचा धंदा आउडी, बीएमडब्ल्यू आणि डाइमलर या तीन मोटार कंपन्यांना २.८ अब्ज युरोला विकला, म्हणजे घेतलेल्या किमतीच्या साधारण निम्म्याला.

नकाशा करायचा खर्च या सगळ्यात नाहीसा झाला नाही. तो जाहिरातींच्या उत्पन्नातून निघायला लागला, आणि काही भाग आपण स्वतः भरायला लागलो. रस्त्यावर लाल रेघ दिसते ना, ट्रॅफिकची? ती आपल्यासारख्यांच्या फोनच्या वेगावरून काढलेली असते. तुम्ही वाकडच्या सिग्नलला अडकलात की मागच्याला लाल दिसतं. म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक आहात आणि सर्वेक्षकही.

आपल्याकडे काय वेगळं झालं

भारतात हा पायाच खासगी कंपन्यांना सहज मिळत नव्हता. १७६७ पासून नकाशे करणारी सर्व्हे ऑफ इंडिया आपल्याकडे होती, पण सविस्तर नकाशांवर संरक्षणाच्या कारणाने बंधनं होती. सीमेपासून आणि किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले नकाशे तर प्रतिबंधितच. तुम्ही मुंबईचे, कोकणातले किंवा गोव्याचे असाल, तर तुमचं गाव बहुधा या पट्ट्यात येतं. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी वेगळी आणि लोकांसाठी खुली अशा दोन मालिका केल्या. बंधनं खऱ्या अर्थाने सैल झाली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. त्यामुळे मॅपमायइंडियासारख्या कंपन्यांना रस्तोरस्ती माणसं पाठवून नकाशा मुळापासून जमवावा लागला. अमेरिकेत जो खर्च जनगणना खात्याने आधीच केला होता, तो इथे गिऱ्हाइकाच्या बिलात आला.

मग घ्यायचं कोणतं?

इतिहासाच्या विद्यार्थ्याने खरेदीचा सल्ला द्यावा का, हा प्रश्न आहेच. पण दुकानात गेल्यावर स्क्रीन किती इंची हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा.

पहिली: नकाशा कुणाचा, आणि तो किती वर्षं नवा होत राहणार? अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्याआधीचा नकाशा असलेलं यंत्र घेऊन त्यावर गेलात, तर तुमची गाडी समुद्रात दिसेल. ‘लाइफटाइम’ नकाशे असं लिहिलं असेल तर बारीक अक्षरं वाचा. या धंद्यात लाइफटाइम म्हणजे तुमचं आयुष्य नाही, यंत्राचं. आणि ते कधी संपलं हे कंपनी ठरवते. २०१८ च्या सुरुवातीला टॉमटॉमने काही जुन्या मॉडेलचे नकाशे नवे करणं याच व्याख्येवर थांबवलं. कंपनीच्या महागड्या नॅव्हिगेशनलाही हाच प्रश्न विचारा: फुकट अपडेट किती वर्षं, आणि नंतर दर काय?

दुसरी: नेटवर्क नसताना काय? जीपीएसला इंटरनेट लागत नाही, सिग्नल थेट आकाशातून येतो. इंटरनेट लागतं ते नकाशाला. म्हणून घाटात गेल्यावर निळा ठिपका असतो, पण भोवती सगळं पांढरं. फोन वापरणार असाल तर त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर आधी उतरवून ठेवा. गूगल मॅप्समध्ये ती सोय आहे. आणि लोकांनी मिळून केलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ओएसएमअँडसारखी ॲप्स तर अख्ख्या राज्याचा नकाशा फोनमध्ये ठेवू देतात. फक्त ट्रॅफिकची रेघ तेवढी मिळणार नाही, कारण ती देणारे फोन तेव्हा तुमच्याशी बोलत नसतात.

तिसरी, सेकंडहँड यंत्रासाठी: २०१९ नंतर ते नीट चालतंय का? जीपीएस आठवडे मोजतं, पण जुन्या सिग्नलमध्ये त्यासाठी १०२४ पर्यंतच जागा होती. ते संपले की मोजणी पुन्हा शून्यापासून. असं १९९९ च्या ऑगस्टमध्ये झालं, आणि पुन्हा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री. ज्या यंत्रांचं सॉफ्टवेअर आधी सुधारलं नव्हतं, त्यांची तारीख वीस वर्षं मागे गेली आणि काहींना उपग्रहच सापडेनात. विकत घेण्याआधी उघड्यावर नेऊन चालू करा, दहा मिनिटं थांबा, आणि तारीख बघा.

बहुतेकांसाठी उत्तर साधं आहे: जो फोन आहे तोच, एक मजबूत होल्डर, गाडीतला चार्जर आणि आधी उतरवलेला नकाशा. अँड्रॉइड स्टिरिओ मोठ्या स्क्रीनसाठी आणि गाण्यांसाठी जरूर घ्या, पण रस्ता दाखवण्याचं काम तो फोनपेक्षा वेगळं काही करत नाही. वेगळं यंत्र किंवा कंपनीचं नॅव्हिगेशन तेव्हाच घ्या, जेव्हा आपण रोज कुठे जातो हे सतत कुणाला कळवत राहायचं नसेल, किंवा नेटवर्कबाहेर नेहमीच गाडी चालवायची असेल. पण तेव्हाही नकाशा कुठे राहतो आणि माहिती कुठे जाते, हे विचारून घ्या.