पिंक्‍नी, चार्ल्‌स कोट्सवर्थ
(१४ फेब्रुवारी १७४६–१६ ऑगस्ट १८२५). अमेरिकन सेनानी, मुत्सद्दी व गुलामधारक मळेवाला. साउथ कॅरोलायनातील चार्ल्‌सटन येथे सधन घराण्यात जन्म. त्याची आई इलायझा ल्यूकस हिने त्या प्रांतात निळीची लागवड यशस्वी केली. निळीवर व भातशेतीवर उभी असलेली ही श्रीमंती वस्तुतः गुलामांच्या श्रमाची होती. १७५३ मध्ये तो इंग्‍लंडला गेला. ऑक्सफर्ड येथील शिक्षणानंतर मिडल टेंपल या संस्थेत त्याने कायद्याचा अभ्यास केला. १७६९ मध्ये तो मायदेशी परतला.

इंग्‍लंडमध्ये वाढूनही स्वातंत्र्ययुद्धात त्याने वसाहतींचा पक्ष घेतला. ब्रँडीवाइन व जर्मनटाउन (१७७७) येथे तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या परिवारात साहाय्यक अधिकारी होता. मे १७८० मध्ये चार्ल्‌सटन पडले, तेव्हा तो युद्धकैदी झाला; १७८२ मध्ये त्याची सुटका झाली.

फिलाडेल्फिया येथील संविधान परिषदेत (१७८७) त्याने गुलामगिरीचे उघड समर्थन केले. साउथ कॅरोलायना व जॉर्जिया यांचे गुलामांवाचून चालणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. गुलामांच्या आयातीवर १८०० पर्यंत बंदी घालू नये, असा मसुदा होता. ही मुदत १८०८ पर्यंत वाढविण्याची सूचना त्याने मांडली व मॅडिसनच्या विरोधास न जुमानता ती संमत झाली. या सवलतीच्या आधारे १८०४–०७ या काळात सु. ४०,००० आफ्रिकी लोक चार्ल्‌सटन बंदरात आणले गेले. संविधानात हक्कांची सनद का नाही, याचे १७८८ मध्ये त्याने प्रांतिक विधिमंडळात दिलेले एक कारण बोलके आहे : अशा सनदा सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र असल्याच्या घोषणेने सुरू होतात आणि ज्यांच्या मालमत्तेचा मोठा भाग जन्मतः गुलाम असलेली माणसे हाच आहे, त्यांना ती घोषणा शोभणार नाही. इतका स्पष्टपणा त्याच्या समकालीनांत क्वचितच आढळतो.

१७९६ मध्ये त्याची फ्रान्समध्ये वकील म्हणून नेमणूक झाली. परंतु डिरेक्टरीने त्याला स्वीकारले नाही. पुढे मार्शल व गेरी यांच्यासह वाटाघाटींस गेला असता तालेरांच्या हस्तकांनी लाच मागितली. ती त्याने साफ नाकारली. संरक्षणासाठी कोट्यवधी देऊ, खंडणी नाही, हे प्रसिद्ध उद्‌गार मात्र त्याचे नव्हेत. ते रॉबर्ट हार्परचे होत. फेडरॅलिस्ट पक्षातर्फे अध्यक्षपदाच्या निवडणुकांत जेफर्सन (१८०४) व मॅडिसन (१८०८) यांच्याकडून तो पराभूत झाला. चार्ल्‌सटन येथेच तो मरण पावला.