वर

वर : उंची, आधिक्य आणि वरचढपणा दाखवणारे मराठी अव्यय. नामाला जोडून आले की शब्दयोगी (डोंगरावर), स्वतंत्र आले की क्रियाविशेषण (वर ये). ‘वरचा’, ‘वरला’, ‘वरून’, ‘वरती’ ही त्याची नित्याची रूपे. विरुद्धार्थी शब्द ‘खाली’. जगातल्या बहुतेक भाषांत असा शब्द असतो, मात्र ‘वर’ म्हणजे कोणती बाजू हे प्रत्येक भाषा आपल्या भूगोलाप्रमाणे आणि आपल्या सत्तेप्रमाणे ठरवते. कृष्णेच्या खोऱ्यातील सातारा-सांगली हा मुलुख, त्यातही कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर, याचा चांगला दाखला आहे.

व्युत्पत्ती : संस्कृत ‘उपरि’पासून प्राकृत ‘उवरि’ आणि त्यातून जुन्या मराठीतील ‘वरी’ व आजचे ‘वर’. हिंदीतील ‘ऊपर’, बंगालीतील ‘उपर’ आणि कोंकणीतील ‘वयर’ ही याच घराण्यातली भावंडे. ग्रीक ‘हुपेर’, लॅटिन ‘सुपेर’, जर्मन ‘यूबर’ आणि इंग्रजी ‘ओव्हर’ हे दूरचे नातलग. हायपरटेन्शन, सुपरमार्केट, ओव्हरब्रिज या शब्दांमधून हे नातलग पुन्हा मराठीत राहायला आले आहेत. नवरदेव या अर्थाचा आणि वरदानाचा ‘वर’ मात्र वेगळा. तो निवडणे या अर्थाच्या धातूपासून आला. ‘वरिष्ठ’ हाही संस्कृतातला निराळा शब्द आहे. बोलणाऱ्याच्या मनात तो ‘वर’शी जोडला गेला असला तरी मुळात त्यांचा संबंध नाही.

फारसीतले ‘बर’ हेही उपरिच्याच कुळातले. आदिलशाही आणि मराठी दप्तरांमुळे ते इथल्या बोलण्यात मुरले. ‘बरहुकूम’ म्हणजे हुकमावर, हुकमाप्रमाणे. ‘बरखास्त’ म्हणजे मुळात ‘वर उठलेला’. बसलेली सभा उठली की ती बरखास्त झाली. आजही ग्रामसभा बरखास्त होते, तेव्हा ‘वर’चा हा फारसी चुलतभाऊच कामाला येतो.

प्रयोग : ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘टेबलाच्या वर दिवा आहे’ या दोन वाक्यांत मराठीने बारीक भेद ठेवला आहे. प्रत्ययासारखे चिकटलेले ‘वर’ बहुधा स्पर्श सुचवते. ‘च्या’ घालून तोडलेले ‘वर’ मधली मोकळी जागा दाखवते. कावळा झाडावर बसतो, घार झाडाच्या वर घिरट्या घालते. जर्मन भाषा याच भेदासाठी ‘आउफ’ आणि ‘यूबर’ असे दोन वेगळे शब्द वापरते. संख्येच्या बाबतीत मात्र ही सीमा पुसट होते : ‘शंभरावर माणसे’ आणि ‘शंभराच्या वर माणसे’ यांचा अर्थ एकच.

उंचीपासून सुटून हा शब्द फार दूरवर गेला आहे. माणसावर प्रेम असते, राग असतो, कर्ज असते. जमीन नावावर असते, गाडी वेळेवर येते. आईच्या दुधाखेरीज बाळाला दिलेले ते ‘वरचे दूध’. पगाराबाहेरची ती ‘वरकमाई’, मनापासून नसलेले ते ‘वरवरचे’, पुन्हा पुन्हा होणारे ते ‘वरचेवर’. ‘चोरी ती चोरी, वर शिरजोरी’ या म्हणीतले ‘वर’ भर घालते. देवालाही ‘वरचा’ म्हणतात आणि मरण पावलेल्याबद्दल ‘वर गेला’ असे बोलतात.

रहिमतपूर व पाणी : कमंडलू नदीकाठचे हे गाव. विजापूरच्या मुहंमद आदिलशहाचा सरदार रणदुल्लाखान याची कबर आणि मशीद येथे आहे. १८८५ च्या सातारा जिल्हा गॅझेटियरने मशिदीजवळच्या एका जुन्या बांधकामाचीही नोंद घेतली आहे : पाणी उंचावर चढवण्यासाठी उभारलेला मनोरा आणि त्याला जोडलेला उतार. पाणी आपण होऊन फक्त उताराला जाते, म्हणून ते वर न्यायचे तर कुणाला तरी खाली जावे लागते. विहिरीवरच्या मोटेचे तत्त्व हेच होते.

मोटेची रचना पाहण्याजोगी आहे. विहिरीच्या काठापासून बाहेरच्या बाजूला उतरती धाव असे. नाड्याचे एक टोक बैलांच्या जुवाला, दुसरे चाकावरून मोटेला. मोट बुडून भरली की मोटकरी बैलांना धावेवरून खाली हाकी. बैल जितके खाली उतरत तितकी मोट वर येई, आणि काठाशी पोचताच तिचे तोंड मोकळे होऊन पाणी थारोळ्यात कोसळे. थारोळ्यातून ते पाटाला लागे. मग बैल मागे सरकत धाव चढत आणि रिकामी मोट पुन्हा खाली जाई. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर या पद्धतीचा मोठा नमुना आहे. सातारच्या शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, विरूबाई भोसले यांनी ती बांधवली. ती अष्टकोनी असून बारा मोटा एका वेळी चालतील अशी तिची आखणी आहे.

या खोऱ्यातल्या शेतकऱ्याचे ‘वर’ पाण्यावरूनही ठरते. ‘वरल्या अंगाला पाऊस झाला’ म्हणजे नदीच्या उगमाकडच्या बाजूला झाला. सांगलीच्या दृष्टीने कराड वर, कराडच्या दृष्टीने वाई वर, मग नकाशावर ती गावे कुठल्याही दिशेला असोत. ‘वरून पाणी सोडले’ हे वाक्य सांगलीकर ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पाटण तालुक्यातले कोयना धरण येते. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हे मग घरोघरचे संभाषण होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती ५७ फुटांच्या वर गेली होती.

डोंगर : कोकणातल्या माणसाला सगळा देश ‘घाटावर’ आहे, रहिमतपूर, कराड, सांगली सगळेच. देशावरचा माणूस उलट ‘खाली कोकणात उतरतो’. वाईकर महाबळेश्वराला ‘वर’ जातो आणि साताऱ्यात ‘गडावर गेलो होतो’ म्हटले की ऐकणारा बहुधा सज्जनगड समजतो. उंच जागा नेहमी मोलाची असते असे मात्र नाही. कोकणात डोंगरउतारावरची हलकी, नाचणी-वरीसारखी पिके घेण्याची जमीन ती ‘वरकस’. भाताची कसदार खाचरे खाली असतात.

उतारावर राहणाऱ्या समाजांच्या भाषांत ही जाण व्याकरणापर्यंत पोचते. पूर्व नेपाळातल्या किरांती भाषांत चढावरचे, उतारावरचे आणि समपातळीवरचे यांसाठी वेगवेगळी दर्शक सर्वनामे, विभक्तिप्रत्यय आणि गतीची क्रियापदे आढळतात. तिथे ‘तो आला’ म्हणतानाच तो वरून आला की खालून, हे क्रियापद सांगून टाकते. मेक्सिकोतील तेनेहापा भागातली त्सेल्ताल भाषा दक्षिणेला ‘चढाकडे’ आणि उत्तरेला ‘उताराकडे’ म्हणते, कारण तो मुलुख दक्षिणेकडून उत्तरेकडे उतरत जातो. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांच्या अभ्यासामुळे हे उदाहरण भाषाविज्ञानात प्रसिद्ध झाले.

भारतातले उदाहरण तमिळचे. पश्चिमेला ‘मेर्कु’ आणि पूर्वेला ‘किळक्कु’. त्यांच्या मुळाशी ‘मेल्’ म्हणजे वर आणि ‘कीळ्’ म्हणजे खाली. तमिळ देशात पश्चिमेला सह्याद्री आणि पूर्वेला समुद्र असल्याने हे सरळ आहे. केरळात डोंगर पूर्वेला आणि समुद्र पश्चिमेला, तरीही मल्याळम भाषेत पूर्वेला ‘किळक्कु’च म्हणतात. भूगोल बदलला, शब्द टिकला.

सत्ता : राजधानी कुठेही असो, तिच्याकडे जाणे म्हणजे वर जाणे, हा संकेत अनेक भाषांत आहे. जपानी रेल्वेत टोकियोकडे जाणारी गाडी ‘नोबोरी’ म्हणजे चढती, टोकियोहून निघालेली ‘कुदारी’ म्हणजे उतरती. इंग्लंडात लंडनकडची गाडी ‘अप’. तीच पद्धत भारतात आली. मध्य रेल्वेवर मुंबईकडे येणारी गाडी अप आणि मुंबईहून सुटणारी डाऊन. प्रत्यक्षात डाऊन गाडी कर्जतनंतर बोरघाट चढून सुमारे ६२० मीटर उंचीच्या लोणावळ्याला पोचते आणि अप गाडी तोच घाट उतरून समुद्रसपाटीला येते. पुणे–मिरज मार्गावरच्या रहिमतपूर स्थानकावरही अप-डाऊन हेच शब्द चालतात.

हिब्रूत पवित्र भूमीला स्थलांतर करण्याला ‘अलिया’ म्हणजे आरोहण म्हणतात. कोकणातल्या रायगड जिल्ह्यातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांनी हा शब्द आपल्या मराठीसोबत वागवला. त्यांचे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्राएलमधून निघत आले आहे.

फारसीतल्या ‘बाला’ म्हणजे उंच, वरचा या शब्दाने मराठीला ‘बालेकिल्ला’ दिला. राजगडाचा किंवा रायगडाचा बालेकिल्ला म्हणजे किल्ल्यातला सर्वांत वरचा, शेवटी लढवायचा भाग. वऱ्हाडात अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा मुलुख ‘बालाघाट’ आणि पायथ्याचा ‘पाईनघाट’ होता. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून दप्तरातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी ‘बालेकिल्ला’ हलला नाही. आज वर्तमानपत्रे एखाद्या पक्षाच्या खात्रीच्या मतदारसंघालाही तेच नाव देतात. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा ‘आलीजाबहाद्दर’ हा किताबही उंच पद दाखवणाराच.

वय व मोठेपणा : मराठीने श्रेष्ठत्व मोजायला उंचीइतकाच वयाचा आधार घेतला आहे. सातारचे थोरले शाहू, थोरले बाजीराव, थोरले माधवराव ही नावे त्यातून आली. पटवर्धनांच्या मिरज संस्थानाची वाटणी झाली तेव्हा ‘थोरली पाती’ आणि ‘धाकटी पाती’ झाली. धाकट्या पातीची राजधानी सांगलीजवळचे बुधगाव. माळव्यातल्या पवारांच्या देवासलाही याच दोन पाती होत्या. गावांच्या नावांतील ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ हे फारसी ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर आणि ‘खुर्द’ म्हणजे लहान यांचे मराठी रूप. पुण्याजवळचे वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द हे परिचित जोडनाव आहे.

तुलना : इंग्रजीत ‘हाय’चे ‘हायर’ होते. संस्कृतात ‘उच्च’चे ‘उच्चतर’ आणि ‘उच्चतम’, फारसीतही तसाच ‘तर’ प्रत्यय. मराठी विशेषण स्वतः बदलत नाही. ‘सज्जनगड त्या टेकडीपेक्षा उंच’, ‘त्याहून उंच’ असे म्हटले की झाले. साताऱ्याच्या ग्रामीण बोलीत याच जागी ‘परीस’ किंवा ‘परास’ येते. ‘हून’ची तुलना अपादानावर, म्हणजे एखाद्या ठिकाणापासून मोजण्यावर उभी आहे. डच अभ्यासक लेओन स्टासेन यांनी १९८५ मध्ये जगभरच्या भाषांतील तुलनेचे प्रकार मांडले, त्यात हा एक मोठा गट आहे. पश्चिम आफ्रिकेतील योरुबासारख्या भाषांत त्याऐवजी ‘ओलांडणे’ या अर्थाचे क्रियापद वापरतात : तो उंच आहे, मला ओलांडतो.

सूर व काळ : भाव, ताप, पारा, आवाज, नशा हे सगळे मराठीत चढतात आणि उतरतात. आवाजाला मात्र ‘बारीक’ आणि ‘जाडा’ असेही म्हणतात, म्हणजे उंचीऐवजी जाडी मोजतात. फारसीतही स्वर असाच बारीक-जाड असतो. प्राचीन ग्रीकांनी ‘हुपाते’ म्हणजे सर्वांत वरची हे नाव सर्वांत खर्जाच्या स्वराला दिले होते, कारण वाद्य धरल्यावर ती तार वर येई. चिनी भाषेत गेलेला आठवडा ‘वरचा’ आणि येणारा ‘खालचा’ असतो. मराठी काळाला ‘मागचा’ आणि ‘पुढचा’ म्हणते.

लेखन : शब्दयोगी ‘वर’ नामाच्या सामान्यरूपाला जोडून लिहावे : घरावर, गडावर, नदीवर. ‘च्या’नंतर ते तोडून लिहावे : घराच्या वर, शंभराच्या वर. ‘वरचष्मा’, ‘वरचढ’, ‘वरकमाई’, ‘वरखर्च’ हे सामासिक शब्द सलग लिहितात.