अटाळ्यातले पुतळे अन् उठलेली गावं

चिखलदऱ्याचा सीझन सरला की पॉइंटावर पाण्याच्या बाटल्या अन् चिप्सची पाकिटं उरतात. मग कोणीतरी म्हणतंच, याचा एक मोठा वाघ करा, चौकात ठेवा, सेल्फी पॉइंट होईल. करा ना, बिघडत काही नाही. पण अटाळ्यातून शिल्प घडवण्याची आपल्या देशातली सगळ्यात मोठी गोष्ट स्वच्छतेची नाहीच. ती उठवलेल्या गावांची आहे.

पश्चिमेकडे हा प्रकार शंभर वर्षांचा. १९१७ साली द्युशाँने मुतारीचं भांडं प्रदर्शनाला पाठवलं, १९४२ मध्ये पिकासोने जुन्या सायकलच्या सीट अन् हँडलचं बैलाचं डोकं केलं. तिथे भांडण होतं ते कला कशाला म्हणायचं याचं.

चंदीगडच्या नेकचंदला या भांडणाची खबरही नसावी. फाळणीत स्वतःचं गाव पाकिस्तानात राहिलेला हा माणूस बांधकाम खात्यात रस्त्यांचा इन्स्पेक्टर होता. ल कार्बुझिएच्या नव्या शहरासाठी दोन डझनाच्या आसपास गावं पाडली गेली. फुटक्या बांगड्या, मडकी, फरशा, विजेचे सॉकेट, जे पडलं होतं ते तो सायकलवर लादून सुखना तलावाजवळच्या जंगलात न्यायचा. ड्युटी झाल्यावर, रात्री. १९५७-५८ पासून पुढची जवळपास अठरा वर्षं सरकारला पत्ता नव्हता! जागा सरकारी, म्हणजे सरळ सरळ अतिक्रमण. १९७५ च्या सुमारास सापडलं तेव्हा पाडायचीच भाषा होती. पण लोक पाहायला येत राहिले, अन् १९७६ मध्ये तेच रॉक गार्डन सरकारनेच खुलं केलं. त्याला पगार दिला, हाताखाली पन्नास मजूर दिले. १९८४ मध्ये पद्मश्री. बांगड्यांच्या तुकड्यांच्या त्या बाया रांगेने उभ्या पाहिल्या की गावची बैठक भरल्यासारखी वाटते.

आता आपल्याकडे या. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. त्यासाठी बोरी, कोहा, कुंड उठली, मग आणखी उठली, आपलं वैराटही उठलं. सगळे जबरदस्तीनेच गेले असं मी म्हणणार नाही. शाळा, दवाखाना, रस्ता पाहून अन् कुटुंबामागे १० लाखांचं पॅकेज पाहून स्वतःहून निघालेलेही आहेत. वाघालाही जागा पाहिजेच. पण गाव उठलं की कवेलू, चुलीचे दगड, फुटलेलं जातं, एखादी खाट, हे मागे राहतं अन् दोन पावसाळ्यांत गवताखाली जातं. आज वैराटला पर्यटक सूर्यास्त पाहायला जातात. तिथे गाव होतं, हे त्यांना सांगणारी एक पाटी तरी असावी की नाही?

कोरकू लोक मेलेल्या माणसासाठी सागाचा मुंडा कोरतात. त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार. माणसाची आठवण लाकडात ठेवायची रीत या डोंगरात आधीपासूनच आहे, त्यासाठी पॅरिसला जायची गरज नाही. गावाचा मुंडा मात्र कोणी केला नाही.

म्हणून म्हणतो, चौकात काही उभं करायचंच असेल तर बाटल्यांचा वाघ मागाहून करा. आधी पुनर्वसित गावांत जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा. वस्तू कोणत्या, जागा कोणती, घडवणारे हात कोणाचे, हे त्यांनीच ठरवावं. ते म्हणाले, राहू द्या बावा, आम्हाला नको, तर तेही ऐकावं लागेल.

वैराट, पस्तलाई, कोहा, कुंड, बोरीकडचं कोणी वाचत असेल, तर निघताना घरातलं काय मागे राहिलं, तेवढं खाली लिहा.