ईमेल सर्व्हर स्थलांतर

ईमेल सर्व्हर स्थलांतर म्हणजे एखाद्या संस्थेची ईमेल खाती, त्यांतील जुने संदेश आणि नव्या संदेशांची देवाणघेवाण एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर नेण्याची प्रक्रिया होय. सेवा पुरवठादार बदलणे, जुनी यंत्रणा कालबाह्य होणे किंवा सुरक्षेचे नियम कडक होणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. या काळात कार्यालयीन संगणकांवरील आउटलुक, थंडरबर्ड यांसारख्या ईमेल क्लायंटमध्ये अनेक अडचणी उद्भवतात. बहुतेक वेळा संदेश नष्ट झालेले नसतात. क्लायंट जुन्या सर्व्हरशीच संपर्क साधत असतो. मात्र पत्रव्यवहार केवळ संगणकावरच साठवलेला असेल, तर घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे तो कायमचा नाहीसा होऊ शकतो.

भारतातील पार्श्वभूमी

भारतात ईमेलचा वापर १९८०च्या दशकात अर्नेट प्रकल्पातून सुरू झाला. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) आणि आयआयटी मुंबई या संस्था त्यात सहभागी होत्या. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. शासकीय कार्यालयांची ईमेल सेवा १९७६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) पाहते.

२०२३ मध्ये निविदा प्रक्रियेनंतर या सेवेचे काम झोहो या भारतीय कंपनीकडे देण्यात आले. ऑक्टोबर २०२५ मधील वृत्तांनुसार केंद्र शासनाच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खाती नव्या यंत्रणेवर नेण्यात आली. पत्त्यातील 'गव्ह डॉट इन' व 'एनआयसी डॉट इन' ही डोमेन नावे मात्र कायम राहिली. असे झाल्यास पत्रव्यवहार करणाऱ्यांना बदल जाणवत नाही, परंतु पत्ता तोच आणि सर्व्हर वेगळा असल्याने क्लायंटमधील जुन्या नोंदी अडथळा ठरू शकतात.

कार्यपद्धती

कोणत्या डोमेनचे संदेश कोणत्या सर्व्हरकडे जावेत, हे डीएनएसमधील एमएक्स नोंद ठरवते. ही नोंद जगभरातील सर्व्हर ठरावीक काळ आपल्याकडे साठवून ठेवतात. त्यामुळे बदलाच्या एक-दोन दिवस आधी हा काळ २४ तासांवरून ५ मिनिटांपर्यंत कमी करण्याचा प्रघात आहे. तसे न केल्यास काही संदेश नव्या, तर काही जुन्या सर्व्हरवर पोहोचत राहतात. म्हणून जुना सर्व्हर लगेच बंद न करता काही दिवस चालू ठेवला जातो आणि त्यावर उशिरा आलेले संदेश पुन्हा नव्या सर्व्हरवर आणले जातात.

नवा सर्व्हर काही काळ बंद असला तरी संदेश लगेच परत जात नाहीत. एसएमटीपी मानकानुसार पाठवणाऱ्या सर्व्हरने साधारणपणे किमान चार ते पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करणे अपेक्षित आहे.

दोषाचे निदान

पहिली पायरी म्हणजे त्याच खात्यात ब्राउझरमधून प्रवेश करून पाहणे. तेथे नवे संदेश दिसत असल्यास सर्व्हर सुस्थितीत असून दोष संगणकावरील क्लायंटमध्ये आहे, असा निष्कर्ष निघतो. तेथेही ते न दिसल्यास एमएक्स नोंद आणि जुना सर्व्हर तपासावा लागतो.

नेहमी आढळणाऱ्या अडचणी

पासवर्ड वारंवार विचारला जाणे: नव्या यंत्रणेत द्विस्तरीय पडताळणी असल्यास जुन्या पद्धतीचा साधा पासवर्ड चालत नाही. अशा वेळी आधुनिक प्रवेशपद्धती निवडावी लागते किंवा क्लायंटसाठी वेगळा ॲप पासवर्ड तयार करावा लागतो.

प्रमाणपत्राचा इशारा: क्लायंटमध्ये लिहिलेले सर्व्हरचे नाव आणि सुरक्षा प्रमाणपत्रावरील नाव जुळत नसल्यास हा इशारा येतो. तो डावलून पुढे जाण्याऐवजी सर्व्हरचे नाव दुरुस्त करणे सुरक्षित असते.

संदेश येतात पण जात नाहीत: येणाऱ्या आणि जाणाऱ्या संदेशांची मांडणी स्वतंत्र असते. सुरक्षित आयमॅपसाठी ९९३, पॉपसाठी ९९५ आणि संदेश पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५ हे पोर्ट सर्वसाधारणपणे वापरले जातात.

सहकाऱ्याला पाठवलेला संदेश परत येणे: एक्स्चेंज सर्व्हर वापरणाऱ्या कार्यालयांत आउटलुक सहकाऱ्याच्या पत्त्याऐवजी त्याची अंतर्गत ओळख लक्षात ठेवते. आपोआप सुचवलेले ते नाव काढून टाकून पत्ता नव्याने लिहिल्यास ही अडचण दूर होते.

स्कॅनरवरून ईमेल न जाणे: स्कॅनर, हजेरी यंत्रे आणि लेखा प्रणाली यांत जुन्या सर्व्हरचा पत्ता स्वतंत्रपणे नोंदवलेला असतो. त्यांची यादी आधीच न केल्यास बदलानंतर ती यंत्रे संदेश पाठवणे थांबवतात.

मराठी मजकुराच्या अडचणी

फोल्डरांची नावे देवनागरीत असल्यास ती काही वेळा निरर्थक रोमन अक्षरांत दिसतात. आयमॅपच्या जुन्या मानकात अशी नावे विशेष सांकेतिक रूपात साठवली जातात आणि स्थलांतराच्या साधनाने ते रूप नीट न उलगडल्यास हा दोष उद्भवतो. २०२१ साली आलेल्या सुधारित मानकात युनिकोडचा थेट वापर होतो.

युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेली जुनी पत्रे नव्या संगणकावर वाचता न येणे हा मात्र स्थलांतराचा दोष नाही. तो फाँट त्या संगणकावर नसल्यामुळे अक्षरे बदललेली दिसतात. मूळ मजकूर शाबूत असतो.

जुन्या पत्रव्यवहाराचे जतन

आयमॅप पद्धतीत संदेश सर्व्हरवर राहतात आणि संगणकावर त्यांची केवळ प्रत असते. पॉप पद्धतीत ते बहुधा संगणकावर उतरवून घेतले जातात व सर्व्हरवरून काढले जातात. असे संदेश सर्व्हरच्या स्थलांतरात समाविष्ट होत नाहीत. दिनदर्शिका आणि संपर्कयादीही आयमॅपद्वारे स्थलांतरित होत नाही. त्यामुळे क्लायंटमधील जुने प्रोफाइल काढून टाकण्यापूर्वी खाते पॉप पद्धतीचे आहे का, हे पाहून स्थानिक साठ्याची प्रत वेगळ्या डिस्कवर घेणे आवश्यक ठरते.

या काळजीला कायदेशीर बाजूही आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, पक्षांमध्ये वेगळे ठरलेले नसल्यास, प्राप्तकर्त्याने नेमून दिलेल्या संगणकीय साधनात अभिलेख दाखल होताच तो मिळाला असे मानले जाते. तो उघडून वाचणे आवश्यक नसते. त्यामुळे जुन्या सर्व्हरवर न पाहता राहिलेला अर्ज, नोटीस किंवा निविदा 'मिळाली नाही' असे म्हणणे कार्यालयाला कठीण जाऊ शकते.

हे सुद्धा पहा

ईमेल
राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र
डोमेन नेम सिस्टिम
युनिकोड